डासाच्या शरीरातली एलिमिनेशन



पेट-सेटची तयारी करताना हॅलोअल्केन आलं की आपण पाठ करतो: पाण्यातलं केओएच दिलं तर अल्कोहोल, अल्कोहोलमधलं दिलं तर अल्कीन. मार्क मिळतात, पण संशोधनाला एवढं पुरत नाही. म्हणून आज एक खरा रेणू घेऊ: डीडीटी.

आपल्या परभणीकडच्या खेड्यांत आजी-आजोबांना विचारून बघा, भिंतीवरची पांढरी फवारणी त्यांना आठवत असेल. १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा डीडीटी हेच मुख्य हत्यार होतं. पुढे मात्र ठिकठिकाणचे डास त्याला दाद देईनात. यामागच्या कारणांपैकी एक म्हणजे आपली विलोपन अभिक्रिया!

रेणू वहीत काढा. एका कार्बनवर तीन क्लोरीन. शेजारच्या, म्हणजे बीटा कार्बनवर दोन क्लोरोफेनिल गट आणि एकच हायड्रोजन. तीन क्लोरीनच्या गर्दीत मागून हल्ला करायला, म्हणजे एसएन-टूला, जागाच नाही. पण दोन फेनिल गटांमुळे तो एकटा हायड्रोजन बऱ्यापैकी आम्लधर्मी झालाय. बेस त्याला ओढतो, दुहेरी बंध तयार होतो आणि क्लोराइड बाहेर पडतो. रेणूभार ३५४.५ वरून ३१८ वर येतो. गेले ते ३६.५, म्हणजे एचसीएल.

प्रयोगशाळेत हे काम अल्कोहोलिक केओएच करतं. प्रतिकारक्षम डासात ते ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज हे विकर करतं; तिथे ग्लुटाथायोनचा गंधक बेस होतो. तयार झालेल्या डीडीईचा आकार बदललेला असतो, त्यामुळे ते डासाच्या मज्जातंतूवर पूर्वीसारखं काम करत नाही. डास वाचतो.

म्हणजे विष संपलं का? इथेच आपण फसतो. डीडीईच्या दुहेरी बंधावर आता एकही हायड्रोजन नाही, आणि उरलेले क्लोरीन दुहेरी बंधाला नाहीतर बेंझिनच्या कड्याला चिकटलेत. मग पुढची एलिमिनेशन होणार कशी? म्हणूनच डीडीई मातीत आणि प्राण्यांच्या चरबीत वर्षानुवर्षं टिकतं. शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ झाली, त्यात याचाच मोठा हात होता.

तेव्हा अभिक्रिया लिहिताना दोन प्रश्न विचारायची सवय लावा: बीटा हायड्रोजन कुठे आहे? आणि जे तयार झालं, त्याचं पुढे काय होणार?

आता लिंडेन घ्या: सहा कार्बनचं कडं, प्रत्येकावर एक क्लोरीन, एक हायड्रोजन. तीन एचसीएल गेल्यावर काय उरेल? वहीत काढून बघा.