ट्रेडमिल घेताय? आधी मोजपट्टी काढा!

नोव्हेंबरात घड्याळं तासभर मागे गेली की पाच वाजताच अंधारून येतं. जेवण झाल्यावर कोपऱ्यापर्यंत शतपावली करून येणारी आपली मंडळी घरात शिरतात, ती मिशिगन-मिनेसोटासारख्या ठिकाणी थेट एप्रिलमध्येच बाहेर पडतात. त्याच सुमाराला थँक्सगिव्हिंगच्या सेलच्या जाहिराती येऊन थडकतात आणि पुष्कळ घरांत तोच विषय निघतो, "यंदा ट्रेडमिल घेऊन टाकू या का?"

या "घेऊन टाकू"मधल्या "टाकू"तच सगळी गोम आहे. घेऊन टाकलेली ट्रेडमिल महिनाभर चालते, मग कोपऱ्यात पडते आणि मार्चपर्यंत तिच्या दांड्यांवर टॉवेल वाळायला लागतात. दर वेळी दोष आळसाचाच असतो असं नाही. पुष्कळदा मशीन त्या घराच्या मापाचंच नसतं. छत ठेंगणं, पट्टा आखूड, आवाज मोठा, आणि सासूबाईंना तर त्यावर चढायचीच भीती! म्हणून दुकानात जाण्याआधी घरात काय काय पाहावं, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

मुळात हवी कशाला?

ट्रेडमिलचा जन्म तुरुंगातला, हे ऐकून काही मंडळींना बरं वाटेल. १८१८ साली विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज इंजिनिअरने कैद्यांना कामाला लावण्यासाठी पायऱ्यांचं एक प्रचंड चाक काढलं. कैदी तासन् तास त्यावर चढत राहायचे आणि काही ठिकाणी त्या चाकावर धान्य दळलं जायचं. म्हणजे आपल्या भाषेत अक्षरशः "चक्की पिसणं"! पुढे सिअ‍ॅटलच्या डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी चालत्या पट्ट्याचा उपयोग हृदय तपासण्यासाठी केला. त्यांच्या नावाची चाचणी १९६३ पासून प्रसिद्ध आहे आणि "स्ट्रेस टेस्ट" म्हणून आपल्यापैकी अनेकांनी ती दिलेलीही असेल. १९६८ साली डॉ. केनेथ कूपर यांचं 'एरोबिक्स' हे पुस्तक आलं. ते वाचून न्यू जर्सीच्या विल्यम स्टाउब या इंजिनिअरने घरात ठेवता येईल असं स्वस्त मशीन बनवलं, आणि ही शिक्षा आपल्या बेसमेंटमध्ये आली.

आपल्याला तिची गरज जरा जास्तच आहे. मंडळाच्या कार्यक्रमात कुणाच्या तरी स्टेंटची बातमी कळली नाही, असं आता क्वचितच होतं. २०१८ साली अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी कोलेस्टेरॉलबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत दक्षिण आशियाई वंश हीच धोका वाढवणारी एक बाब म्हणून नोंदवली आहे. मधुमेहाचंही तसंच. इथे एरवी वजन जास्त आहे असं बीएमआय २५ पासून धरतात, पण अमेरिकन डायबेटीस असोसिएशन २०१५ पासून आशियाई वंशाच्या माणसांची तपासणी २३ पासूनच करायला सांगते. साडेपाच फूट उंचीच्या माणसाचं वजन १४२ पौंडांच्या पुढे गेलं की हा आकडा येतो. म्हणजे "मी कुठे जाड आहे?" म्हणणारे आपल्यातले कितीतरी जण त्यात बसतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम करावा. आठवड्याचे पाच दिवस अर्धा अर्धा तास झपझप चाललं की झालं. त्यासाठी मॅरेथॉनची तयारी नको, पण बाहेर बर्फ असताना चालायला जागा मात्र हवी.

चालणार कोण?

दुकानातला विक्रेता पहिल्यांदा "बजेट किती?" असं विचारतो. तुम्ही स्वतःला आधी विचारा, "पाय कुणाचे?" घरातल्या प्रत्येकाचं नाव, उंची, वजन आणि तो चालणार की धावणार, हे एका कागदावर लिहा. दर उन्हाळ्यात भारतातून येणाऱ्या आई-वडिलांची नावंही त्यात घाला.

नुसतं चालायचं असेल तर ५० इंच लांबीचा पट्टा पुरतो. हायस्कूलच्या ट्रॅक टीममधला उंच मुलगा धावणार असेल तर ६० इंचांचा पाहा, कारण धावताना टांग लांब पडते. रुंदी २० इंच असली की पाय कडेला पडत नाही. मशीनवर किती वजन चालेल हे लिहिलेलं असतं. घरातल्या सर्वांत वजनदार माणसाच्या वजनाहून ते निदान ५० पौंडांनी जास्त असावं.

पण निम्मी कसोटी सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाची. पट्टा ताशी अर्ध्या मैलाने, अगदी मुंगीच्या पावलांनी, सुरू होतो का? बाजूच्या दांड्या पुढून मागे लांबपर्यंत आल्या आहेत का? आकडे चष्म्याशिवाय वाचता येतात का? थांबवायचं बटण मोठं, लाल आणि हाताशी आहे का? हल्ली टेबलाखाली सरकवायचे चपटे "वॉकिंग पॅड" निघाले आहेत. घरून काम करणाऱ्या तरुणांना ते ठीक आहेत, पण त्यांतल्या बहुतेकांना दांड्या नसतात. आजी-आजोबांना त्यावर उभं करू नका.

ठेवणार कुठे?

आता मोजपट्टी काढा. जुन्या घरांत बेसमेंटचं छत पुष्कळदा ७ फुटांचं, म्हणजे ८४ इंचांचं असतं. माणूस ५ फूट १० इंच, म्हणजे ७० इंच. पट्टा जमिनीपासून ८ इंच वर, झाले ७८. चढण १५ टक्के ठेवली तर ६० इंची पट्ट्याचं पुढचं टोक ९ इंच उचललं जातं. माणूस पुढच्या भागात चालतो, तिथे ६ इंच धरा. बेरीज ८४! म्हणजे डोकं छताला टेकलं. धावताना वर उसळी येते ती वेगळीच. ही बेरीज घरी केली तर फुकट होते. मशीन जिन्यावरून खाली उतरवल्यावर केली तर महागात पडते.

मागे साडेसहा फूट आणि दोन्ही बाजूंना वीस-वीस इंच मोकळी जागा लागते. पाय घसरला तर पट्टा माणसाला मागे फेकतो, तिथे भिंत असता कामा नये. "घडी होते, म्हणून जागा लागत नाही" यावर फार विसंबू नका. घडी घातलेलं मशीन जागा वाचवतं हे खरं, पण रोज उलगडायचा कंटाळा येतो.

अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचाही विचार करा. मशीनखाली रबराची जाड मॅट घातली तर आवाज आणि धक्के थोडे कमी होतात, नाहीसे होत नाहीत. आणि शक्यतो टीव्ही किंवा खिडकी समोर असावी. बेसमेंटमधल्या फर्नेसकडे पाहत अर्धा तास चालायला योग्याचं मन लागतं!

मोटरचे घोडे

जाहिरातीत "४ हॉर्सपॉवर!" असं ठळक छापलेलं असतं. इथे शाळेतलं गणित कामाला येतं. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट. घरातला साधा प्लग १२० व्होल्ट आणि १५ अँपिअरचा, म्हणजे फार तर १,८०० वॉट. त्याचे घोडे होतात जेमतेम २.४! मग चार आले कुठून? तो आकडा मोटर क्षणभर किती जोर मारू शकते याचा असतो. म्हणून विक्रेत्याला सलग चालतानाची, म्हणजे "कंटिन्युअस ड्यूटी"ची ताकद विचारा, आणि दोन मशीनची तुलना त्याच आकड्यावर करा. कंपन्यांचं मोजमाप सारखं नसतं, तेव्हा मोटरवर वॉरंटी किती वर्षांची आहे हेही पाहा. ज्या मोटरवर कंपनीचा स्वतःचाच विश्वास नाही, तिच्यावर आपण का ठेवावा?

प्लग शक्यतो स्वतंत्र सर्किटचा असावा. त्याच सर्किटवर स्पेस हीटर चालू असला तर फ्यूज उडतो आणि चालत्या माणसाखालचा पट्टा एकदम थांबतो. बारीक एक्स्टेंशन कॉर्ड तर नकोच. आणि "परत जाताना पुण्याला घेऊन जाऊ" हा विचार डोक्यातून काढून टाका. तिथली वीज २३० व्होल्टची. मशीनच्या वजनात ट्रान्सफॉर्मरचंही वजन मिळवावं लागेल.

लहान हात, साडीचा पदर

ट्रेडमिल हे फर्निचर नव्हे, चालतं यंत्र आहे. मे २०२१ मध्ये पेलोटन कंपनीने आपली 'ट्रेड प्लस' ही सुमारे १,२५,००० मशीन परत बोलावली. एक सहा वर्षांचं मूल मशीनखाली ओढलं जाऊन दगावलं होतं, आणि माणसं, पाळीव प्राणी किंवा वस्तू खाली ओढल्या गेल्याच्या आणखी कितीतरी तक्रारी होत्या. फिरत्या पट्ट्यात बोटं जाऊन मुलांचे तळवे भाजल्याच्या घटना इतर मशीनवरही घडतात. म्हणून काम झालं की सेफ्टी की काढायची आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवायची. शक्य तर त्या खोलीला कडी लावायची. चालताना ती चावी कपड्याला अडकवायची, म्हणजे तोल गेला की पट्टा आपोआप थांबतो. पुष्कळ घरांत ती नुसती लोंबकळत असते. मग तिचा उपयोग काय?

आई-वडिलांसाठी आणखी काही नियम. साडी, ओढणी, सैल पायजमा आणि चपला घालून ट्रेडमिलवर पाय ठेवायचा नाही. त्यांना बुटांचा एक जोड पहिल्याच आठवड्यात घेऊन द्या. "इथे आल्यावर मला बूट कशाला?" असं आई म्हणेलच, तरी घ्या. पट्टा पूर्ण थांबल्याशिवाय उतरायचं नाही. पहिले आठ-दहा दिवस कुणीतरी शेजारी उभं राहावं. रक्तदाब, मधुमेह किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर त्यांच्या भारतातल्या डॉक्टरांना आधी फोन करून विचारा. छातीत दुखलं, दम लागला किंवा चक्कर आली तर थांबायचं आणि लगेच सांगायचं, हे त्यांना बजावून ठेवा. "मुलाला उगाच त्रास नको" म्हणून गप्प बसणारी ही पिढी आहे. आणि पाहुण्यांच्या इन्शुरन्समध्ये जुन्या दुखण्यांना पुष्कळदा पुरेसं संरक्षण नसतं, तेव्हा एका पडण्याचं बिल ट्रेडमिलच्या किमतीच्या कितीतरी पट होऊ शकतं.

पैसे मोजताना

चालायचे बूट घालूनच दुकानात जा आणि निदान दहा मिनिटं प्रत्यक्ष चालून पाहा. लाजू नका. साडी घेताना आपण दहा साड्या उलगडायला लावतोच की! दांडी हलते का, पट्टा सरकतो का, आवाजात टीव्ही ऐकू येईल का, ते पाहा. मग चार प्रश्न विचारा. मशीन दारापर्यंतच आणून देणार की बेसमेंटमध्ये जोडून देणार? परत द्यायचं झालं तर वाहतूक खर्च कुणाचा? वॉरंटीत मजुरी धरली आहे का? आणि महिन्याची वर्गणी भरली नाही तर पडदा चालेल का? हल्ली मोठे पडदे असलेली काही मशीन वर्गणीशिवाय फारशी उपयोगाची राहत नाहीत.

सेकंडहँड घ्यायला हरकत नाही. जानेवारीत केलेले संकल्प वसंत ऋतूत गराज सेलमध्ये विकायला येतात. बहुतेक मशीन एकूण किती मैल किंवा तास चाललं याची नोंद ठेवतात, ती दाखवायला सांगा. पट्ट्याच्या कडा उसवलेल्या नाहीत ना, आणि सेफ्टी की आहे ना, हेही बघा.

घरात आल्यावर

मशीनखालची धूळ दर आठवड्याला पुसा आणि मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तेव्हा, सांगितलं असेल तेच सिलिकॉनचं वंगण पट्ट्याखाली घाला. स्वयंपाकघरातलं किंवा गराजमधलं कुठलंही तेल चालत नाही. चालताना दांडीला लोंबकळू नका. त्याने मशीनवर मैल दिसतात, पण हृदयाला तेवढं श्रेय मिळत नाही. अर्थात ज्यांचा तोल जातो त्यांनी दांडी अवश्य धरावी. पहिल्या दिवशी दहा मिनिटं पुरेत. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत वेग ठेवला की तो आपल्यापुरता बरोबर आहे असं समजावं.

आणि एवढी मोजमापं करून मशीन घरात बसत नाही असं दिसलं, तर वाईट वाटून घेऊ नका. पुष्कळ मॉल्स सकाळी दुकानं उघडण्याआधी चालणाऱ्यांसाठी दारं उघडी ठेवतात. गावातल्या 'वाय'मध्ये किंवा कम्युनिटी सेंटरमध्ये ट्रेडमिल असतेच. तिथे आठवड्यातून पाच दिवस भेटायचं ठरवलेल्या चार मैत्रिणी एकमेकींना घरी बसू देत नाहीत. ते काम कुठल्याच मोटरला जमत नाही, तिला कितीही घोडे असोत.