अपघाताची केस कोणत्या वकिलाकडे द्यायची? हे ४ प्रश्न विचारा



समजा, पैठणीच्या मागावर बसणाऱ्या तुमच्या ३० वर्षांच्या कारागिराला बिडकीनजवळ ट्रकने धडक दिली. उजवा हात कायमचा अधू झाला. डॉक्टरांनी सर्टिफिकेट दिलं, ३० टक्के अपंगत्व. कमाई महिना १५,००० रुपये.

आता हिशोब बघा. वर्षाचे १ लाख ८० हजार. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा खटल्यात ठरवल्याप्रमाणे या वयाला गुणक १७. त्याचे ३० टक्के धरले तर ९ लाख १८ हजार. पण २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार खटल्यात कोर्टाने सांगितलं, की शरीराचं अपंगत्व आणि कमाईचं नुकसान एकच नसतं. हात गेला की विणकाम गेलं! कमाईचं नुकसान ६० टक्के सिद्ध झालं, तर रक्कम १८ लाख ३६ हजार. हा फरक पाडतो वकिलाचा अनुभव.

पण हा अनुभव कळणार कसा? आपल्याकडे वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे. म्हणून वकीलपत्रावर सही करण्याआधी बिनधास्त विचारा:

१. सनद कधी मिळाली, ज्युनिअरशिप कुणाकडे केली? अपघाताच्या केसेस चालवणाऱ्या सीनिअरकडे उमेदवारी झाली असेल तर उत्तम.

२. किती दावे साक्षी-पुराव्यापर्यंत चालवलेत? लोक अदालतीत तडजोड करणं वेगळं आणि डॉक्टरांची साक्ष काढणं वेगळं.

३. विमा कंपनीच्या पॅनेलवर होतात का? असाल तर समोरची बाजू त्यांना आतून माहीत असते. मात्र आपल्या केसमधल्या कंपनीचं काम आजही चालू नाही ना, एवढी खात्री करा.

४. अपील चालवलंय का? दावा छत्रपती संभाजीनगरच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालला, तर अपील तिथल्याच खंडपीठात जातं. मुदत ९० दिवस.

आणि हो, "मिळालेल्या रकमेतले इतके टक्के द्या" असं कुणी म्हटलं तर सावध व्हा. बार कौन्सिलच्या नियमात ते बसत नाही. फी आधीच ठरवा, पावती घ्या.

शेवटी एक काम तुमचं. वकील कितीही मुरलेला असला, तरी १५,००० ची कमाई कागदावर दिसली पाहिजे. म्हणून या महिन्यापासून कारागिराचा पगार बँकेतून द्या.