कवायत, शपथ आणि भोंगा : युद्धकालीन स्वयंसेवकांच्या समारंभांचा संकेतविचार

७ मे २०२५ रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाच्या सूचनेवरून देशभर नागरी संरक्षणाचा सराव घेण्यात आला. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या नागरी संरक्षण जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातील सोळा ठिकाणे होती. मुंबई, उरण व तारापूर ही पहिल्या वर्गात होती. दुसऱ्या वर्गात पुण्याबरोबरच पिंपरी-चिंचवडचा स्वतंत्र उल्लेख होता. त्याचे कारण उघड आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना, देहूरोडचे लष्करी भांडार, १९५४ साली पिंपरीस स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा औषधांचा कारखाना आणि पुढे चाकणपर्यंत पसरलेले वाहनउद्योग, अशी या पट्ट्याची घडण आहे. युद्धप्रसंगी असा प्रदेश शत्रूचे लक्ष्य ठरू शकतो, आणि तेथे जखमींना उचलण्याचे, आग आटोक्यात आणण्याचे व लोकांना सुरक्षित जागी नेण्याचे काम पुष्कळ अंशी स्वयंसेवकांवर पडते. या स्वयंसेवकांच्या वाट्याला संचलन, शपथविधी, मानवंदना असे समारंभही येतात. हे समारंभ नेमके कोणते कार्य करतात, याचा भाषेच्या अंगाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रथम या परंपरेची रूपरेषा पाहू. दुसऱ्या महायुद्धात हवाई हल्ल्यांपासून बचाव करण्यासाठी मुंबईत स्वयंसेवकांची पथके उभी राहिली होती. पुढे ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबई प्रांतात गृहरक्षक दलाची स्थापना झाली. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर सर्व राज्यांतील अशा दलांना एकसारखे रूप देण्यात आले, आणि १९६५ व १९७१ च्या युद्धांनी त्यांची कसोटी पाहिली. नागरी संरक्षणाचा कायदा १९६८ साली झाला. २००९ च्या दुरुस्तीने नैसर्गिक व इतर आपत्तींचे निवारणही त्याच्या कक्षेत आले. ६ डिसेंबर हा दिवस आजही संचलनाने साजरा होतो.

या समारंभांची शब्दसंपत्ती दुपेडी आहे. ‘कवायत’ हा शब्द अरबी ‘कवाइद’ वरून आला. ते ‘काइदा’ म्हणजे नियम या शब्दाचे अनेकवचन. त्याच मुळापासून मराठीत ‘कायदा’ आला, आणि उर्दूत ‘कवाइद’ म्हणजे व्याकरण. महादजी शिंदे यांच्या पदरी द बॉयने याने शिकवून तयार केलेल्या पलटणींमुळे ‘कवायती फौज’ हा प्रयोग मराठ्यांच्या इतिहासात रूढ झाला. ‘सलामी’ही याच वाटेने आलेली. याउलट ‘संचलन’, ‘मानवंदना’, ‘गृहरक्षक’, ‘समादेशक’ हे शब्द संस्कृत घडणीचे असून राज्यकारभाराच्या मराठीतून ते प्रतिष्ठित झाले. बोलताना मात्र लोक अजून ‘परेड’च म्हणतात.

कवायत आणि व्याकरण यांचे हे नाते केवळ शब्दापुरते नाही. कवायतीतील आज्ञेचे सामान्यतः दोन भाग असतात. पहिला सावध करणारा, लांबवून उच्चारलेला. दुसरा कृती घडवणारा, आखूड व आघातयुक्त. ‘दाहिने’ या शब्दाने शरीर तयार होते आणि ‘मुड’ या शब्दाने वळते. मधला क्षणभराचा विराम हाही आज्ञेचाच घटक होय. तो नसेल तर पन्नास माणसे पन्नास वेळी वळतील.

परंतु मदतकार्य करणारा स्वयंसेवक सैनिकाचे हे व्याकरण उसने घेतो ते निराळा अर्थ सांगण्यासाठी. सैन्याचे संचलन सामर्थ्य दाखवते. मदतपथकाचे संचलन तयारी दाखवते. जिनिव्हा करारांस १९७७ साली जोडलेल्या पहिल्या मसुद्याने नागरी संरक्षणासाठी नारिंगी भूमीवर निळा समभुज त्रिकोण हे चिन्ह ठरवून दिले. ‘हा लढणारा नव्हे, वाचवणारा आहे’ एवढाच त्याचा आशय. बाह्य रूप सारखे असताना अर्थ वेगळा राखायचा, म्हणून असे चिन्ह आवश्यक ठरते.

आता समारंभांचे प्रकार पाहू. पहिला प्रकार शपथविधीचा. ऑस्टिन या तत्त्वज्ञाच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या विवेचनानुसार काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत. ती उच्चारणे हीच एक कृती असते. शपथ ही अशी कृती आहे. स्वयंसेवक वेतनाने बांधलेला नसतो. चारचौघांसमक्ष उच्चारलेला शब्द हेच त्याचे मुख्य बंधन असते. दुसरा प्रकार कृतज्ञतेचा. जून १९४५ मध्ये लंडनच्या हाइड पार्कमध्ये नागरी संरक्षकांचे निरोपाचे संचलन झाले व राजे सहावे जॉर्ज यांनी मानवंदना स्वीकारली, ते याचे उदाहरण होय. तिसरा स्मरणाचा. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा स्फोट होऊन अग्निशामक दलाचे अनेक जवान मृत्युमुखी पडले. तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. ते जवान स्वयंसेवक नव्हते; परंतु स्मरणाच्या समारंभाचे स्वरूप त्यावरून स्पष्ट होते.

या तिन्ही प्रकारांत जनता प्रेक्षक असते. चौथा प्रकार सरावाचा, आणि त्यात प्रेक्षक असा कोणी उरत नाही. हा भेद भोंग्याच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. कारखान्यांच्या वस्तीत भोंगा म्हणजे पाळीची वेळ. युद्धकाळात त्याच जातीचा आवाज निराळे सांगतो : दोन मिनिटे चढउतार करीत वाजला तर हवाई हल्ल्याचा इशारा, दोन मिनिटे एका सुरात वाजला तर धोका टळला. चढउतारात धोका आणि एकसुरात अभय, असे निसर्गतः काहीच नाही. अमुक शब्दापासून अमुक अर्थ जाणावा, या ठरावाला प्राचीन नैयायिकांनी ‘संकेत’ म्हटले. चिन्ह आणि अर्थ यांचा संबंध यादृच्छिक असतो, असे सोस्यूरने सांगितले. दोघांच्या म्हणण्याचा व्यावहारिक निष्कर्ष असा की, ठराव आधी व उभयपक्षी झालेला नसेल तर भोंगा हा केवळ आवाज आहे.

पिंपरी-चिंचवड व चाकण या पट्ट्यात ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरते. येथे मराठवाडा-विदर्भातून आलेले कामगार आहेत, तसेच उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेलेही आहेत. फाळणीनंतर पिंपरीत वसलेले सिंधी कुटुंबांचे गाव आहे. कंत्राटी कामगार एका कारखान्यातून दुसऱ्यात जातो. एका ठिकाणी शिकलेला इशारा दुसऱ्या ठिकाणी तोच असेल असे नाही. त्यातून निवाऱ्याची, बाहेर पडण्याच्या वाटेची सूचना संस्कृतप्रचुर मराठीत दिली, तर मराठी कामगारही क्षणभर थबकेल, आणि त्या क्षणाची किंमत मोठी असते. कवायतीत विराम आज्ञेला उपकारक असतो. संकटात अर्थ न कळल्याने पडलेला विराम घातक ठरतो.

यावरून समारंभ निरर्थक ठरत नाहीत. शपथ स्वयंसेवकाला बांधते, कृतज्ञता त्याला टिकवते, स्मरण त्याच्या कामाची किंमत सांगते. परंतु ही तिन्ही कार्ये दलाच्या आतली होत. ज्यांच्यासाठी दल उभे आहे त्या लोकांशी संकेत ठरवण्याचे कार्य केवळ सरावातच घडते. म्हणून संचलनाच्या दिवशी मैदानाभोवती जमलेल्या लोकांना, त्यांच्या रोजच्या बोलीत, दोन भोंग्यांमधला फरक ऐकवून दाखवणे हा त्या समारंभाचाच एक विधी मानला पाहिजे. त्यास दोन-दोन मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही.