पावसाआधीची आमसुले

मे महिना सरत आला की भिरंडाची झाडे लाल होतात, आणि वळवाचा एक जोराचा पाऊस झाला की तीच फळे झाडाखाली कुजतात. परसात झाड असूनही पुरुमेंताच्या फेस्तात सोले विकत घेणारी कुटुंबे आम्ही दरवर्षी पाहतो. याचे आम्हांला नवल वाटते, कारण या झाडाला ना फारसे खत लागते ना पाणी.

फळ पूर्ण पिकलेले, गर्द लाल असावे. धुऊन, पुसून ते कापावे. बिया व गर वेगळे करून त्यांत मीठ घालावे, म्हणजे आंबट रस सुटतो. साले उन्हात वाळवावीत, त्या रसात बुडवावीत आणि पुन्हा वाळवावीत. बिघडते ते इथेच. एकदाच वाळवून घाईने डब्यात भरलेली साले पावसाळी हवेत बुरशी धरतात. चार-पाच पुटे दिलेले आमसूल काळेभोर होते व वर्षभर टिकते.

रस काचेच्या किंवा चिनीमातीच्या बरणीतच ठेवावा. ॲल्युमिनियमचे किंवा बिनकल्हईचे तांब्या-पितळेचे भांडे आंबटाने झिजते आणि तो धातू आपल्या पोटात जातो.

बियाही टाकू नयेत. वाळवून, कुटून पाण्यात उकळल्या की वर तेल तरंगते व गार झाल्यावर गोठते. लावणीच्या दिवसांत चिखलाने फुटलेल्या टाचांना त्याच्यासारखे स्वस्त मलम नाही.

रक्तदाब असलेल्यांनी आगळ मात्र बेतानेच घ्यावे. त्यात मीठ पुष्कळ असते.