जुन्या संगणकाचा नवा उपयोग : घरचे ध्वनिचित्र भांडार

अनेक घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक खोका असतो. त्यात लग्नाची व्हीसीडी, आजीच्या ओव्यांची कॅसेट, एखाद्या सभेतील भाषणाचे ध्वनिमुद्रण आणि बंद पडलेला मोबाइल अशा वस्तू असतात. त्याच घरात माळ्यावर जुना संगणकही धूळ खात पडलेला असतो. या दोन्ही वस्तूंना आपण अडगळ समजतो. परंतु त्या एकत्र आणल्या तर घरातील प्रत्येकाला आपल्या टी.व्ही.वर किंवा मोबाइलवर हवे ते ध्वनिमुद्रण ऐकता येईल, हवी ती चित्रफीत पाहता येईल. हे कसे साधावे, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

या कामाला उशीर करून चालणार नाही. कॅसेटची फीत चुंबकीय असते. दमट हवेत तिला बुरशी लागते आणि आवाज क्षीण होत जातो. घरी लिहिलेल्या सीडीही कायम टिकत नाहीत. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये त्याचे उत्पादन थांबवले. म्हणजे फीत शाबूत राहिली तरी ती वाजवणारे यंत्र मिळणे दिवसेंदिवस कठीण होणार आहे.

मीडिया सर्व्हर म्हणजे काय?

वाचनालयात पुस्तके कपाटात असतात आणि ग्रंथपाल मागेल त्याला हवे ते पुस्तक काढून देतो. मीडिया सर्व्हर हे काम ध्वनिफिती, चित्रफिती व छायाचित्रांसाठी करतो. हार्डडिस्क हे कपाट आणि सर्व्हरचा प्रोग्रॅम हा ग्रंथपाल. टी.व्ही. व मोबाइल घरातल्याच वाय-फायवरून त्याच्याकडे मागणी करतात. एकदा मांडणी झाल्यावर घरातल्या घरात पाहण्या-ऐकण्यासाठी इंटरनेट लागत नाही आणि मासिक वर्गणीही द्यावी लागत नाही.

असे अनेक प्रोग्रॅम आहेत. नवशिक्यासाठी ‘जेलिफिन’ हा चांगला. तो २०१८ च्या डिसेंबरमध्ये ‘एम्बी’ या प्रोग्रॅमपासून वेगळा झाला. तो पूर्णपणे मोफत असून त्याचा कोड सर्वांसाठी खुला आहे.

जुने यंत्र का पुरते?

मोबाइलवर घेतलेली फुल एचडी चित्रफीत दाखवताना सेकंदाला सुमारे २ मेगाबाइट माहिती पाठवावी लागते. दहा-बारा वर्षांपूर्वीची हार्डडिस्कही याच्या कितीतरी पट वेगाने वाचते. फाइल आहे तशी पाठवायची असेल तर प्रोसेसरला जवळजवळ कामच उरत नाही.

अडचण निराळ्या ठिकाणी येते. समोरच्या टी.व्ही.ला किंवा मोबाइलला त्या फाइलची ‘भाषा’ समजत नसेल तर सर्व्हरला ती चालू असतानाच भाषांतरित करावी लागते. यालाच ट्रान्सकोडिंग म्हणतात. हे काम जड असते. जुना संगणक तेथे धापा टाकतो आणि चित्र अडखळते. उपाय सोपा आहे. चित्रफिती आधीच ‘एच-२६४’ पद्धतीच्या एमपी-४ फाइलमध्ये बदलून ठेवाव्यात. ही पद्धत आजचे जवळजवळ सर्व टी.व्ही. व मोबाइल ओळखतात. बदलण्याचे काम ‘हँडब्रेक’ नावाचा मोफत प्रोग्रॅम करतो. जुन्या संगणकाला त्यासाठी वेळ लागेल, परंतु ते रात्रभर चालू ठेवता येते आणि एका फाइलसाठी एकदाच करावे लागते.

यंत्राची निवड

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगले चालणारे अनेक संगणक बाजूला पडले आहेत. आपल्या कामाला ते उत्तम. संगणक ६४ बिटचा असावा आणि त्यात ४ जीबी रॅम असावी.

खरे तर या कामाला जुना डेस्कटॉप नव्यापेक्षा सोयीचा. त्यात सीडी ड्राइव्ह असतो आणि मागच्या बाजूला निळ्या रंगाचे ‘लाइन-इन’ छिद्र असते. नव्या लॅपटॉपमध्ये हे दोन्ही सहसा सापडत नाही. मात्र आतील धूळ साफ करून घ्यावी. तारीख व वेळ सारखी चुकत असेल तर मदरबोर्डवरील सीआर-२०३२ हा चपटा सेल बदलावा. जुना लॅपटॉप वापरायचा असेल आणि त्याची बॅटरी फुगलेली असेल, तर तो मुळीच चालू करू नये. आधी बॅटरी काढून घ्यावी.

विजेचा हिशेबही करावा. ५० वॉट घेणारा डेस्कटॉप महिनाभर अखंड चालला तर ३६ युनिट जळतात. १२ वॉट घेणाऱ्या लॅपटॉपला ९ युनिटही लागत नाहीत. डेस्कटॉप संध्याकाळचे चार तासच चालू ठेवला तर महिन्याला ६ युनिटमध्ये भागते.

मांडणीच्या पायऱ्या

१) संगणकातील फोटो व कागदपत्रे प्रथम बाहेरच्या डिस्कवर काढून घ्यावीत, कारण पुढे डिस्क पुसली जाणार आहे. व्हीसीडीही याच वेळी, विंडोज असतानाच, कॉपी कराव्यात. त्यांच्यातील ‘डॅट’ फाइली लिनक्समध्ये साध्या रीतीने कॉपी होत नाहीत.

२) ‘लिनक्स मिंट’ या मोफत प्रणालीची ‘एक्सएफसीई’ ही हलकी आवृत्ती उतरवून घ्यावी. ‘रुफस’ प्रोग्रॅमने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहावी. त्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून ती बसवावी.

३) मिंटमधील ‘डिस्क्स’ या प्रोग्रॅममध्ये हार्डडिस्कची ‘स्मार्ट’ तपासणी करावी. दोष दिसल्यास त्या डिस्कवर काहीही मौल्यवान ठेवू नये.

४) जेलिफिनच्या अधिकृत संकेतस्थळावर उबंटू व डेबियनसाठी एका ओळीची आज्ञा दिलेली आहे. ती टर्मिनलमध्ये जशीच्या तशी उतरवावी.

५) फाइलींसाठी स्वतंत्र फोल्डर करावे. ते स्वतःच्या ‘होम’ फोल्डरच्या आत करू नये. जेलिफिन संगणकावर वेगळा वापरकर्ता म्हणून वावरतो आणि त्याला तेथे सहसा प्रवेश नसतो. भांडार रिकामे दिसण्याचे नेहमीचे कारण हेच असते.

६) त्याच संगणकाच्या ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’, अपूर्णविराम (:) आणि ८०९६ असे लिहिले की जेलिफिनचे पान उघडते. पासवर्ड ठरवून भांडार जोडावे. घरगुती चित्रफितींसाठी ‘होम व्हिडिओज अँड फोटोज’ हा प्रकार निवडावा. ‘मूव्हीज’ निवडल्यास तो आपल्या लग्नाची चित्रफीत इंटरनेटवरील चित्रपटांत शोधू लागतो!

७) मोबाइल किंवा टी.व्ही.वर जेलिफिनचे ॲप घ्यावे व संगणकाचा घरातील पत्ता द्यावा. हा पत्ता बदलू नये म्हणून राउटरमध्ये तो राखून ठेवावा. घराबाहेरून पाहता यावे म्हणून राउटरचे दार इंटरनेटला उघडून देण्याचा मोह मात्र नवशिक्याने टाळावा.

कॅसेट संगणकात घेणे

दोन्ही टोकांना ३.५ मिलिमीटरची पिन असलेली वायर घ्यावी. एक टोक टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या जागी आणि दुसरे निळ्या लाइन-इनमध्ये लावावे. ‘ऑडॅसिटी’ या मोफत प्रोग्रॅममध्ये रेकॉर्डिंग सुरू करून कॅसेट वाजवावी. एक तासाच्या कॅसेटला एक तास लागतोच. मूळ प्रत ‘फ्लॅक’ प्रकारात ठेवावी, म्हणजे आवाजाचा दर्जा घटत नाही. ऐकण्यासाठी एमपी-३ प्रत केल्यास तासाला सुमारे ६० मेगाबाइट जागा पुरते. या हिशेबाने १ टेराबाइटच्या डिस्कवर १६ हजार तास मावतील. जागेची चिंता करण्याचे कारण नाही.

एक प्रत म्हणजे प्रतच नव्हे

जुनी हार्डडिस्क कोणत्याही दिवशी बंद पडू शकते. म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर, हा जाणकारांचा नियम पाळावा. एक प्रत सर्व्हरवर, दुसरी बाहेरच्या डिस्कवर आणि तिसरी, निवडक का होईना, पेनड्राइव्हवर गावच्या घरी ठेवली तरी तो पाळला जातो. मूळ कॅसेटही फेकू नयेत.

विद्यार्थी मित्रांसाठी

वरील सर्व काम दहावी-बारावीचा विद्यार्थी दोन रविवारांत शिकू शकेल. परंतु एक काम संगणक करू शकत नाही. कॅसेटमधील आवाज कोणाचा, सभा कोठे झाली, फोटोत डावीकडून तिसरे कोण उभे आहेत, हे फाइलीला ठाऊक नसते. ते घरातील वडीलधाऱ्यांनाच ठाऊक असते. म्हणून प्रत्येक फाइलीला नाव देताना वर्ष, महिना, दिवस, ठिकाण व व्यक्ती या क्रमाने लिहावे. मराठीत लिहिले तरी चालते. ऑडॅसिटीतही फाइल साठवताना नाव व वर्ष लिहिता येते. ते रकाने रिकामे सोडू नयेत.

तेव्हा लिनक्स उतरवण्यापूर्वी वही-पेन घ्यावे, तो खोका खाली काढावा आणि आजी-आजोबांजवळ बसावे. यंत्र वर्षभराने मिळाले तरी बसवता येईल. आवाज ओळखणारी माणसे मात्र आज आहेत, तेव्हा आजच विचारून घ्यावे.