शीर दाखविणारा प्रकाश

(नभोवाणीवरील भाषण)



रक्त तपासण्यासाठीं किंवा सलाईन लावण्यासाठीं शीर सांपडणें हें वरवर पाहतां अगदीं साधें काम वाटतें. दंडाला पट्टी आवळली, मूठ मिटावयास लाविली, बोटानें चांचपून पाहिलें आणि सुई घातली, कीं झालें! परंतु ज्याची शीर दोनतीनदां टोंचूनही हातीं लागत नाहीं, त्याला विचारून पाहावें. तान्ह्या मुलाच्या गुबगुबीत हातांत ती चरबीखालीं दडलेली असते. वृद्धाच्या हातावर ती ठळक दिसते, पण सुई लागतांच बाजूला सरकते. आणि ज्याला वारंवार टोंचून घ्यावें लागतें, त्याच्या शिरा हळूहळू कठीण व निकामी होत जातात.

ही अडचण आजची नाहीं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत शिरावेधाला स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. शरीरांत ७०० शिरा मानून त्यांपैकीं ९८ शिरांना शस्त्र लावूं नये, असें तेथें सांगितलें असून फसलेल्या वेधाचे २० प्रकारही मोजले आहेत. त्या ग्रंथांत शिरांच्या चंचलपणाला माशाची उपमा दिली आहे, आणि या कामांत कोणीही स्वतःस पूर्ण निष्णात समजूं नये, असा एकंदर अभिप्राय आहे. आजच्या कोणत्याही परिचारिकेला तो पटण्यासारखा आहे.

आमच्या वऱ्हाडांत या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे, आणि त्याचीं कारणें दोन. पहिलें कारण उन्हाळा. मोर्णेच्या कांठीं वसलेल्या आमच्या अकोल्याच्या जुन्या शहरांत वैशाखांत पारा ४५ अंशांवर चढतो, हें कोणास सांगावयास नको. घाम जाऊन अंगांतील पाणी आटलें, कीं शिरांतील रक्ताचा भर कमी होतो व त्या चपट्या पडतात. म्हणजे उन्हानें किंवा जुलाबानें गळून गेलेल्या माणसाला सलाईनची निकड सर्वांत अधिक असते, नेमकी तेव्हांच त्याची शीर सर्वांत दुर्मिळ होते!

दुसरें कारण सिकलसेलचें. या आनुवंशिक रोगांत रक्तांतील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदनांचे झटके येतात. विदर्भांत या रोगाचे रुग्ण पुष्कळ आहेत. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजीं मध्यप्रदेशांतील शहडोल येथून सुरू झाली असून २०४७ हें उद्दिष्टाचें वर्ष ठरविलें आहे. अंगांतील पाणी कमी होणें हें या झटक्यांचें एक कारण असल्यामुळें उन्हाळा अशा मुलांवर दुहेरी संकट आणतो. तपासणीला सुई, सलाईनला सुई, प्रसंगीं रक्त चढवावयास पुन्हां सुई. अशा मुलाच्या मनांत एकदां सुईची धास्ती बसली, तर तें दुखणें लपवूं लागतें. आणि दुखणें लपविलें गेलें, कीं मोहिमेचा सारा खटाटोप त्याच्यापुरता व्यर्थ ठरतो.

या कामीं आतां एक नवें साहाय्य मिळालें आहे, तें प्रकाशाचें. १८०० सालीं विल्यम हर्शेल या ज्योतिर्विदानें लोलकांतून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करून प्रत्येक रंगांत उष्णतामापक ठेविला. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नव्हतें, तेथेंही पारा चढला. त्या अदृश्य किरणांना आपण अवरक्त किरण म्हणतों. कोरोनाच्या सांथींत घरोघरीं बोटाला चिमट्यासारखें लावलेलें ऑक्सिजन मोजण्याचें यंत्र आठवा. जपानच्या ताकुओ आओयागी यांनीं १९७४ च्या सुमारास मांडलेल्या तत्त्वावर तें चालतें, आणि त्यांतही तांबड्या प्रकाशाबरोबर हेच किरण वापरलेले असतात.

शीर दाखविणाऱ्या यंत्राची रचना त्याच जातीची आहे. हातावर सौम्य अवरक्त किरण सोडले, कीं ते कातडींतून कांहीं अंतर आंत शिरतात. भोंवतालचे स्नायू व चरबी त्यांतील पुष्कळसे परत फेंकतात. शिरेंतील रक्ताचें हिमोग्लोबीन मात्र ते अधिक प्रमाणांत शोषून घेतें. म्हणून यंत्रांतील कॅमेऱ्याला शिरेच्या जागीं काळी रेघ दिसते. हें चित्र यंत्र क्षणार्धांत दृश्य प्रकाशाच्या रूपानें त्याच हातावर पाडतें, जणूं कातडीवर नद्यांचा नकाशाच उमटतो. अमेरिकेंतील मेंफिस येथें हर्बर्ट झेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें यंत्र सिद्ध केलें, आणि या शतकाच्या पहिल्या दशकांत तें रुग्णालयांत पोहोंचलें. हे किरण क्ष-किरण नव्हेत, त्यामुळें त्यांच्यासारखा धोका यांत नाहीं. शिवाय कातडीचा काळा रंग दृश्य प्रकाशाला जितका अडवितो, तितका या किरणांना अडवीत नाहीं. आपल्या सांवळ्या हातांना हा गुण मोठा सोयीचा आहे.

पण यंत्राला मर्यादाही आहेत. सुमारें एक सेंटिमीटरहून खोल असलेली शीर तें दाखवूं शकत नाहीं. तिच्यासाठीं सोनोग्राफीचा आधार घ्यावा लागतो. शीर कोठें आहे हें तें सांगतें, पण ती किती खोल आहे व सुईचा भार सोसेल कीं नाहीं, हें बोटालाच ठरवावें लागतें. यंत्र तिरपें धरलें, तर रेघ खऱ्या जागेपासून ढळते. निरनिराळ्या रुग्णालयांत झालेल्या चाचण्यांचे निकालही एकसारखे नाहींत. ज्याची शीर सहज दिसते, त्याच्या बाबतींत निष्णात हाताला याचा फारसा लाभ होत नाहीं; लाभाची आशा आहे ती अवघड शिरांच्या बाबतींत. यावरून माझ्या अल्पमतीला वाटतें, कीं हें यंत्र प्रत्येक टेबलावर मांडण्याची गरज नाहीं. बालरुग्णांच्या विभागांत आणि जेथें सिकलसेलचीं मुलें वारंवार येतात, तेथें तें आधीं पोहोंचावें, आणि त्याबरोबर तें चालविण्याचें शिक्षणही पोहोंचावें.

तोंपर्यंत आपल्या हातीं कांहींच नाहीं, असें मात्र नाहीं. वैद्यांनीं मनाई केली नसेल, तर रक्त देण्यापूर्वीं पुरेसें पाणी प्यावें. हात थोडा वेळ खालीं सोडावा. कोमट कापडानें तो शेकल्यास शिरा फुगतात. पूर्वीं कोणत्या जागीं शीर लवकर सांपडली होती, तें टोंचणाराला आधींच सांगावें. दोन प्रयत्न फसले, तर सुई अधिक अनुभवी सहकाऱ्याकडे द्यावी, असा संकेत पुष्कळ ठिकाणीं पाळला जातो. नातेवाइकांनीं आरडाओरडा न करितां तशी विनंती करावी, आणि परिचारिकेनेंही त्यांत कमीपणा मानूं नये.

नवा प्रकाश शीर दाखवील. पण भ्यालेल्या मुलाला हात पुढें करण्याचा धीर माणसाच्या शब्दानेंच येईल. हीं दोन्हीं साधनें एकत्र नांदलीं, तर सुईच्या भयानें रुग्णालयाचा उंबरठा टाळणारें एखादें लेंकरूं वेळेवर आंत येईल, आणि त्याचें दुखणेंही वेळेवर ओळखलें जाईल.