मृदू प्रवाळांचे आजार : निदान व उपचार

प्रवाळ म्हटले की चुन्याचा कठीण सांगाडा रचणारा प्राणी डोळ्यांसमोर येतो. परंतु प्रवाळांच्या कुलात असा अखंड सांगाडा नसलेला एक मोठा वर्ग आहे. त्यांना मृदू प्रवाळ म्हणतात. त्यांचे मांसल शरीर चुन्याच्या असंख्य सूक्ष्म कंटिकांनी तोललेले असते आणि त्यांच्या प्रत्येक पॉलिपास आठ पिसासारखे संस्पर्शक असतात. हिंदी व पॅसिफिक महासागरांच्या उथळ पाण्यात आढळणारा सार्कोफायटॉन हा त्यांपैकी एक. आखूड देठावर पसरट छत्र, असा त्याचा आकार कुत्र्याच्या छत्रीची आठवण करून देतो. काटक असल्यामुळे खाऱ्या पाण्याच्या जलजीवालयांत तो फार लोकप्रिय आहे. तो आजारी पडला, तर आजार ओळखावा कसा व उपाय कोणता करावा, याचा विचार येथे केला आहे.

समुद्रातील जिवंत खडक टाकीत ठेवून पाणी नैसर्गिक रीतीने शुद्ध राखण्याची पद्धत जाकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे ही पद्धत प्रगत होत गेली, तसे प्रवाळ दीर्घकाळ जगविणे शक्य झाले. तथापि टाकी म्हणजे समुद्र नव्हे. समुद्रात एका प्राण्याचा मृत्यू अफाट पाण्यात विरून जातो. टाकीत मात्र कुजणारा एक प्रवाळ अमोनिया व विषारी द्रव्ये सोडून शेजाऱ्यांचाही जीव धोक्यात आणतो. म्हणून निदानातील चूक येथे एका प्राण्यापुरती मर्यादित राहत नाही.

निरोगी अवस्था कशी असते हे ठाऊक असल्याशिवाय रोग ओळखता येत नाही. सार्कोफायटॉनच्या ऊतकांत एककोशिक शैवले सहजीवनाने राहतात व प्रकाशसंश्लेषणाने तयार झालेल्या अन्नाचा बराच भाग यजमानास देतात. त्याच्या छत्रावर दोन प्रकारचे पॉलिप असतात : लांब, संस्पर्शकयुक्त पॉलिप भक्ष्य पकडतात, तर सूक्ष्म पॉलिप वसाहतीत पाणी खेळते ठेवतात. या पाण्याच्या दाबावरच वसाहतीचा फुगीरपणा अवलंबून असतो. त्यामुळे किंचित त्रास होताच ती आकसते. आकसणे हे लक्षण खरे, पण ते शेकडो कारणांनी उद्भवते. त्यावरून एकदम रोगाचे नाव घेता येत नाही.

पहिला प्रश्न असा की, हा आजार आहे की कात टाकणे? सार्कोफायटॉन अधूनमधून पॉलिप आत ओढून घेतो, त्याचा पृष्ठभाग मेणासारखा चकचकीत होतो आणि काही दिवसांनी, कधी आठवडा-दोन आठवड्यांनी, त्यावरून एक पातळ पापुद्रा सुटून जातो. पृष्ठभागावर साचलेले शैवल व गाळ झटकून टाकण्याची ही त्याची रीत होय. नवशिक्या पालकास प्राणी मेला असे वाटते. तो त्यास हाताळतो, जागा बदलतो, औषध घालतो आणि निरोगी प्राण्यास खरोखरच आजारी पाडतो. या काळात पाण्याचा प्रवाह थोडा वाढविणे, एवढेच पुरेसे असते.

खऱ्या आजाराची चिन्हे वेगळी आहेत. कात टाकताना शरीर घट्ट राहते. ऊतकनाशात ते बुळबुळीत होऊन विरघळू लागते. तपकिरी किंवा काळपट डाग दिवसेंदिवस पसरतो, भोके पडतात, देठ तळाशी मऊ होतो व कुजकट दुर्गंधी येते. केवळ रंग फिका पडला असून ऊतक शाबूत असेल, तर शैवले नष्ट होत आहेत असे समजावे. त्याचे कारण बहुधा उष्णता किंवा अचानक वाढलेला प्रकाश हे असते.

यानंतर कारणांचा शोध क्रमाने घ्यावा. प्रथम पाणी तपासावे. तापमान सुमारे २४° ते २६° से., लवणता हजारी ३५ च्या आसपास, पीएच मूल्य ८·१ ते ८·४ आणि अमोनिया शून्य असावा. माशांच्या परजीवींवर वापरले जाणारे तांब्याचे औषध अपृष्ठवंशी प्राण्यांस घातक असते, हे विसरू नये. दुसरे, शेजारी पाहावेत. मृदू प्रवाळ टर्पीन वर्गातील संयुगे तयार करतात. सार्कोफायटॉनपासून १९७४ मध्ये वेगळे केलेले सार्कोफाइन हे त्यांपैकीच. ग्रेट बॅरिअर रीफवर सामार्को, कोल व सहकारी यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, मृदू प्रवाळांच्या सान्निध्यात काही कठीण प्रवाळांची ऊतके मेल्याचे व वाढ खुंटल्याचे दिसले. काही ठिकाणी तर प्रत्यक्ष स्पर्शाशिवायही. दाटीवाटीच्या टाकीत हे रासायनिक युद्ध अधिकच तीव्र होते. तिसरे, भक्षक शोधावेत. ओव्ह्युला ओव्हम ही पांढरी गोगलगाय मृदू प्रवाळांवरच उपजीविका करते, तर ट्रायटोनिऑप्सिस ही कवचहीन गोगलगाय रात्री बाहेर पडते. तेव्हा पाहणी रात्री, विजेरीच्या मंद प्रकाशात करावी.

सूक्ष्मजंतूंना दोष सर्वांत शेवटी द्यावा. यासंबंधी कॅरिबियन समुद्रातील समुद्रपंख्यांचे उदाहरण बोधप्रद आहे. हे प्राणी मृदू प्रवाळांचे निकटचे आप्त होत. १९९५ च्या सुमारास ते मोठ्या प्रमाणावर मरू लागले. १९९८ मध्ये रोगकारक बुरशीची अ‍ॅस्परजिलस सिडोवी अशी ओळख पटली व निरोगी प्राण्यांत तिच्या संसर्गाने रोग उत्पन्न करता आला. परंतु पुढे तीच बुरशी निरोगी समुद्रपंख्यांवरही आढळली. म्हणजे जंतूची उपस्थिती हे कारणाचे पूर्ण उत्तर नव्हे. यजमानाची प्रतिकारशक्ती का ढासळली, हाही प्रश्न उरतोच.

उपचाराचा क्रम निदानाच्या क्रमास धरूनच असावा. पाणी सदोष असल्यास समान तापमान व लवणता असलेल्या नव्या पाण्याने ते थोडेथोडे बदलावे; एकदम केलेली दुरुस्ती हाही एक आघातच असतो. विषारी द्रव्यांचा संशय असल्यास सक्रियित कोळशातून पाणी फिरवावे व वसाहतींमधील अंतर वाढवावे. भक्षक चिमट्याने काढावेत. त्यांची अंडी राहिल्यास त्रास पुन्हा उद्भवतो, म्हणून पाहणी काही आठवडे चालू ठेवावी.

ऊतकनाश पसरत असेल, तर मात्र वाट पाहणे योग्य नाही. प्राणी टाकीबाहेर, टाकीच्याच पाण्याने भरलेल्या भांड्यात घ्यावा आणि धारदार पात्याने कुजका भाग निरोगी ऊतकाच्या थोड्या पट्टीसह कापून टाकावा. त्यानंतर आयोडीनच्या विरल विद्रावात काही मिनिटे बुडवून, स्वच्छ खाऱ्या पाण्यात धुऊन तो चांगल्या प्रवाहात ठेवावा. आयोडीनच्या उपयोगास मुख्यतः पालकांच्या अनुभवाचा आधार आहे. कापलेल्या जागेवरून खेळणारे पाणी त्याहून महत्त्वाचे. देठ वाचण्यासारखा नसल्यास छत्राचे निरोगी तुकडे खडकावर जाळीने सैलसर बांधावेत. त्यांपासून नव्या वसाहती वाढतात. या कामात हातमोजे व चष्मा अवश्य वापरावा, कारण त्याच खडकावर वाढणाऱ्या काही झोअँथिड प्राण्यांत पॅलिटॉक्सिन हे अतितीव्र विष असते.

सारांश, मृदू प्रवाळाच्या बाबतीत औषध हे उपचाराचे सर्वांत लहान अंग आहे. पाणी, प्रकाश, प्रवाह व शेजार यांची रोजची नोंद ठेवणाऱ्यास बदल केव्हा झाला हे सांगता येते, आणि पुष्कळदा त्या तारखेतच आजाराचे कारण सापडते. अशी नोंद असेल तर स्वस्थ बसून वाट पाहावी की पाते हाती घ्यावे, याचा निर्णय वेळेवर होतो आणि प्राणी वाचतो.